बुवासारखा दुसरा

आर्णीच्या बाहेर कापसाच्या ज्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर होतो, तिथल्या ग्रेडरसाहेबांना एका अमेरिकन गाणाऱ्याचं वेड होतं. तो गाणारा स्वतःच इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. ग्रेडरसाहेब त्याला बुवा म्हणत. "काल बुवानं लय रडवलं," असं ते सकाळी काट्यावर येऊन इतक्या सहज सांगत, की नव्या हमालाला वाटायचं, साहेबांच्या घरी कोणी कीर्तनकार मुक्कामाला आहेत.

त्यांच्या गमती पुष्कळ आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय ते कळायचे नाहीत. पण मी लिहायला बसलो आहे तो गमतीसाठी नाही. या माणसाचं एक सुख माझ्या हातून गेलं. ते कसं गेलं हे मला एकदा काही न लपवता मांडायचं आहे. बायकोला सांगून झालं. ती म्हणते, एवढं काय त्यात, थट्टाच तर होती.

जिनिंगमध्ये कापूस येतो तो सरकीसकट. बैलबंडी असो की ट्रॉली, ती आधी ग्रेडरपुढे थांबते. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस काढतो, सरकीवरची रुई सोडवतो आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणतो. धागा किती लांब, किती ओढ सोसतो, पत्ती-कचरा किती, ओल किती, हे पाहून प्रत ठरते आणि मग गाडी माझ्याकडे काट्यावर येते. हे करताना ग्रेडरसाहेब गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघत नसत. सरपंच असो नाहीतर शेठचा व्याही, त्यांची नजर चिमटीवर. "मानसाकडे पाह्यलं का धागा लांब दिसाले लागते," म्हणत.

बुवाची पहिली कॅसेट त्यांना तरुणपणी नागपूरच्या फुटपाथवर मिळाली. घ्यायला गेले होते नाट्यगीतं. डबी नाट्यगीतांचीच होती, घरी येऊन उघडली तर आत हा निघाला. "परत कराले जानार होतो," ते सांगत. "पन नागपूरले जानं महिन्यानं होतं. महिनाभर ऐकला. मंग परत कायले करतो?"

त्यांच्या घरी, म्हणजे आर्णीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, या बुवाला त्यांच्या बायकोने, काकूंनी, कधीच जागा दिली नाही. "रेडिओत मांजर कोंडल्यावानी करते तो मेला," असं त्या म्हणत. त्यामुळे बुवा नांदायचा जिनिंगमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद होत. दिवसभराच्या घरघरीनंतर आवारात जी शांतता पडे, ती साहेबांनी बुवासाठी राखून ठेवली होती. शेडच्या मागे कडुलिंबाखाली कापसाच्या गाठीवर ते बसत, डबा उघडत आणि टेप लावत. भाकरीचा घास हातातच राहायचा.

मी बी. कॉम. झालेला, चार इंग्रजी शब्द कळणारा. पहिल्या हंगामात मी त्यांना विचारलं, "साहेब, याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"मानूस रडते तवा तू त्याले स्पेलिंग इचारतं का?"

"मग यात एवढं काय आहे?"

त्यांनी टेप थांबवली. "हे पाह्य. गानारा आन् वाजवनारा एकच हाय. तो एक वळ गाते आन् थांबते. मंग गिटार त्याले जवाब देते. आन् जवाब कसा देते? घरधनीन देते तसा. होला हो नाही करत. तो म्हनते मी चाललो घर सोडून, ते म्हनते जाय, जेवाले येशीनच. हे आयक, आता आयक." टेप पुन्हा सुरू झाली. बुवाने एक ओळ खरखरीत आवाजात टाकली आणि तो थांबला, आणि गिटारीचा एक सूर वर वर चढत गेला, पार टोकाला जाऊन थरथरला. "आयकलं?" साहेब म्हणाले. "'जाय,' म्हने."

मला ऐकू आलं. त्या दिवसापासून मी पण डबा घेऊन लिंबाखाली बसायला लागलो.

बुवा तरुणपणीच मेलेला होता. त्याने जेवढं गाऊन ठेवलं तेवढं साहेबांचं ऐकून संपलं होतं, अनेकदा संपलं होतं. आता त्यांना एकच ध्यास होता, बुवासारखा दुसरा पाहिजे. बुवाची नक्कल करणारा नको. त्याच जातीचा, पण आपल्या मातीतला, आपल्या खोडीचा. "सरकी तीच पाहिजे, वावर दुसरं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं.

मग माझ्याकडे मोठा मोबाइल आला. गाण्यांच्या ॲपमध्ये मी बुवाचं नाव टाकलं, तर खाली एक रांग निघाली, याच्यासारखे इतर कलाकार. मी साहेबांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून ते त्या रांगेकडे असे पाहत राहिले, जसं हरवलेल्या भावाचं कुटुंब सापडावं.

"एवढे सारे?"

"अजून आहेत. एकेकाच्या खाली पुन्हा वेगळी रांग आहे."

"म्हंजे हे सारे एकमेकाचे सोयरे?"

"तसंच."

"मंग लाव एकेक."

तेव्हापासून ते माझं काम झालं. संध्याकाळी घरी बसून मी शोधायचो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नमुने आणायचो. साहेब डोळे मिटून थोडं ऐकत. कापूस पाहायला त्यांना वेळ लागत नसे, गाणं पाहायलाही लागला नाही. "धागा लांब हाय, ताकद नाही." "यानं आवाज मुद्दाम खराब केला, दुसरं काही नाही." "हा गिटार लय वाजवते, घरधनीनले बोलूच देत नाही." आणि सगळ्यात वाईट शेरा म्हणजे फरदड. हंगाम संपल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन जो कापूस काढतात तो फरदड. झाड तेच असतं, बोंडं पण येतात, पण धागा आखूड आणि जीव नसलेला. बुवाची नुसती नक्कल करणारा जो कोणी असेल, तो साहेबांच्या लेखी फरदड.

एकदा माझ्या मोबाइलवर घरच्या पोरांनी काहीतरी लावलेलं, त्यामुळे बुवाच्या मागोमाग एकदम इंग्रजी बडबडगीत सुरू झालं. मी बंद करायला गेलो तर साहेबांनी हात धरला. शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, "कालच्या दोघाइपेक्षा हा बरा. ढोंग नाही करत."

माझ्यासमोर त्यांनी एकालाच पास केलं, तेही अर्धं. आम्ही दिग्रसला कामाला गेलो होतो. रस्त्यात एक वरात लागली, पुढे बँड, आणि त्यात एक मिशाळ माणूस बेंजो वाजवत होता. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि हा बेंजोवर त्या ओळीची अशी काही खोडी काढायचा की नाचणारेही थबकायचे. साहेब गाडीतून उतरले. वरातीमागे चालत चालत मांडवापर्यंत गेले, मी त्यांच्या मागे. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला पंगतीत बसवलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही कोनाकडले जी? नवऱ्याकडले का नवरीकडले?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "मी बेंजोकडला."

जेवण झाल्यावर ते त्या बेंजोवाल्याला भेटले. तो दिवसा केस कापायचा. साहेब त्याला म्हणाले, "तू गात काहून नाही? दुसऱ्याच्या गान्याले जवाब देतं, स्वतःच्या दे ना." तो लाजून हसला. परत येताना साहेब गाडीत म्हणाले, "अर्धा पास. गायला असता तर पुरा केला असता." त्या दिवशी ते इतके खूश होते, की मी ठरवलं, पुरा पास होणारा एक तरी यांना मी शोधून देईन. खरं सांगायचं तर मला तो त्यांच्यासाठी हवा होता असं नाही. त्यांनी माझ्या नमुन्याला पास म्हणावं, हे मला हवं होतं.

मी कुठेतरी वाचलं होतं, की या तऱ्हेचं गाणं मुळात तिकडच्या कापूस वेचणाऱ्या लोकांतून आलं. मोठ्या उत्साहाने मी ते साहेबांना सांगितलं. मला वाटलं, उडी मारतील. ते एवढंच म्हणाले, "तरीच. बुवाच्या आवाजात ते खरखर हाय ना, ते रुईचं हाय. आपल्या हमालाइचा खोकला तसाच हाय." आणि पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

जिनच्या हॉलमध्ये यंत्रांच्या रांगा एकदम चालतात. तिथे शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नाही. कामगार रुईचे बोळे करून कानात घालतात, मी पण घालायचो. साहेबांनी कधी घातले नाहीत. त्यांना दर तासाला हॉलमध्ये जाऊन रुई बघावी लागे. बाई कामगार ओरडून सांगत, "साहेब, बोळे घाला ना!" ते हातानेच नाही म्हणत. "कापूस डोयानं पाहाची चीज हाय, कानात कोंबाची नाही," असं बाहेर येऊन सांगत. आम्ही हसायचो. इतकी वर्षं हसलो. कोणाच्याच डोक्यात आलं नाही, की या आवाजात रोज उघडे कान घेऊन फिरणाऱ्याचं काय होत असेल.

मग असं व्हायला लागलं की ते एकापाठोपाठ एक सगळ्यांनाच नापास करू लागले. आधी शंभरात पाच तरी "ठीक हाय" म्हणून सुटत. आता कोणी सुटेना, आणि कारण नेहमी एकच. "याचा सूर वर जातच नाही. अर्ध्यातून मुडपते." मला तो सूर वर जाताना स्पष्ट ऐकू यायचा. मी म्हणायचो, "साहेब, गेला की वर." ते म्हणत, "कुठी गेला?"

मला ते अहंकाराचं वाटू लागलं. वाटलं, यांना आता पास करायचंच नाही. नाही म्हणण्यातच यांचा मोठेपणा आहे. त्या पावसाळ्यात, जिनिंग बंद असताना, मी फार शोधलं. एक गाणारा मला सापडला, तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दसऱ्याच्या सुमारास यंत्रांची डागडुजी सुरू झाली तेव्हा मी तो साहेबांना ऐकवला. आजूबाजूला फिटर होते, हमाल होते. त्यांनी अर्धा मिनिटही ऐकला नाही.

"हे काय आनलं बे? तुह्या कानात अजून मागच्या सीझनचे बोळे हायेत वाट्टे. काढ ते!"

सगळे हसले. मी पण हसलो. पण ते मनात राहिलं. आज लिहिताना लाज वाटते, की एवढ्याशा शब्दाचा मी राग धरला.

दिवाळीनंतर खरेदीचा मुहूर्त होता. मुहूर्ताला पहिल्या बंडीच्या बैलांना हार घालतात, काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिला कापूस आणणाऱ्याला शेला-टोपी देतात, पेढे वाटतात. शेठने त्या वर्षी लाउडस्पीकर लावला होता. पन्नासेक शेतकरी, सगळे हमाल, बाया, शेठची माणसं, असं आवार भरलेलं. पूजा आटोपली आणि लोक पेढे खात उभे राहिले, तेव्हा मी मोबाइल स्पीकरला जोडला आणि म्हणालो, "ग्रेडरसाहेब, आज मुहूर्ताचा एक नमुना होऊन जाऊ द्या."

हमालांना हा खेळ माहीत होता. ते पुढे सरकले. "होऊ द्या साहेब, होऊ द्या!"

मी जे लावलं ते बुवाचंच होतं. एका जलशात कोणीतरी भरून घेतलेलं जुनं गाणं, जे साहेबांच्या कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हतं. मी ते शोधून काढलं होतं, आठवडाभर जपून ठेवलं होतं.

साहेबांनी डोळे मिटले. ऐकलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ ऐकलं, हे मला आठवतं. मान थोडी तिरकी करून डावा कान स्पीकरकडे केला, हेही आठवतं. मग डोळे उघडून म्हणाले, "फरदड."

"नीट ऐका साहेब."

"आयकलं ना. आवाज बुवाचा चोरला यानं. गिटार होला हो करते. आन् वर गेलं का गायबच होते. नापास."

मी मोबाइल उंच केला. पडद्यावर बुवाचा फोटो होता, तो त्यांच्या कॅसेटवरचाच. पुढच्या लोकांना दिसेल असा मी तो फिरवला आणि ओरडून सांगितलं, "साहेबांनी बुवालाच नापास केलं!"

आवार हसलं. पेढे तोंडात असलेली माणसं हसली, शेठ पोट धरून हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मागून एक शेतकरी म्हणाला, "स्वोताच्या बुवाले वयखत नाही, आमच्या कापसाले काय वयखते बापा!" त्यावर आणखी हसणं झालं.

साहेब पण हसले थोडं. मग माझ्या जवळून जाताना, इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "माल कोनाचा हाय हे पाहून ग्रेड लावत नसते, काटेबाबू." रुमालाने हात पुसले आणि पहिल्या बंडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते लिंबाखाली आले नाहीत. मला वाटलं, रागावले असतील, येतील. ते आले नाहीत. पुढे मी दोनदा नवे नमुने घेऊन त्यांच्याकडे गेलो. "काम हाय," म्हणाले. ते टेप घरी घेऊन गेले असं कळलं, जिथे काकू तिला चालू देत नसत.

आवारात मात्र तो विनोद चालूच राहिला. ज्याची प्रत कमी लागे तो म्हणायचा, "साहेब, बुवाले लावली तशी तर नाही ना लावली?" आधी त्यांच्या चिमटीपुढे कोणी बोलत नसे. आता रोज वाद व्हायचे. ते नुसता कापूस ताणत राहत.

त्याच हंगामाच्या अखेरीची गोष्ट. साहेब ढिगाजवळ पाठमोरे उभे होते आणि एक ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन मागे मागे येत होता. मागे येताना त्याचा तो बारीक भोंगा वाजत होता, टीं टीं टीं. ड्रायव्हरला वाटलं, वाजतोय तर माणूस हलेल. साहेब हलले नाहीत. मी धावत जाऊन त्यांची बाही धरून ओढलं.

"काहून ओढतं बे?"

"ट्रॅक्टर, साहेब."

ते ड्रायव्हरवर उखडले. "आवाज नाही देता येत?"

ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "साहेब, कवाचा वाजून राह्यला भोंगा. आताही वाजून राह्यला ना."

भोंगा वाजतच होता. साहेबांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे पाहत होतो. बारीक, वरचे आवाज त्यांना येत नव्हते. गिटारीचा तो वर चढणारा सूर त्यांच्यासाठी अर्ध्यातच तुटत होता. सगळे गाणारे त्यांना एकाच कारणाने नापास का वाटत होते, आणि बुवाही का वाटला, ते मला त्या क्षणी कळलं. त्यांनाही कळलं असावं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, चुकलो, म्हणायला हवं होतं. चला, यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, म्हणायला हवं होतं. मी त्यांची बाही सोडली आणि काट्यावर जाऊन बसलो. पुढच्या हंगामाआधी मला यवतमाळला पतसंस्थेत नोकरी लागली. निरोपाला त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

मी त्यांचे कान नेले नाहीत, हे मला कळतं. ते यंत्रांनी नेले. पण कान पूर्ण जायला अजून काही वर्षं होती. खालचे सूर येत होते, बुवाचा आवाज येत होता. ती वर्षं त्यांनी बुवाशिवाय काढली, आणि ती माझ्यामुळे. ते जलशाचं गाणं मी नंतर खूपदा ऐकलं. कधी वाटतं, गिटार चांगलं वर जाते, साहेब चुकले. कधी वाटतं, त्या दिवशी बुवा खरंच थकलेला होता आणि साहेब बरोबर होते. मला अजून ठरवता आलेलं नाही.

यवतमाळला आल्यापासून मी शोधणं सोडलं नाही. त्याला प्रायश्चित्त म्हणावं तर ते फार सोपं प्रायश्चित्त झालं, बसून गाणी ऐकण्याचं. या वर्षी मला एक बाई सापडली. कुठल्या देशाची, नीट कळलं नाही. स्वतः गाते, स्वतः वाजवते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी उठून उभा राहिलो. दुसऱ्या रविवारी मोटरसायकल काढली आणि दारव्हा रस्त्याने बोरी अरबला गेलो. नोकरी संपल्यावर साहेब तिथे आपल्या गावी राहायला गेले होते.

उन्हाळा लागला होता. गल्लीत शेजारच्या बाया बाजेवर कुरडया घालत होत्या. साहेब ओट्यावर बसलेले, बरेच वाळलेले. मला पाहून त्यांचा चेहरा उघडला. "काटेबाबू! ये, ये."

काकू पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, "जोरानं बोला बरं. काईच आयकू येत नाही आता. मशीन आनली होती, त्यानं त्याइचं डोकं दुखते. माह्या व्हटाचं वयखतात तेवढं."

मी वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. हळू आवाजात, त्यांच्याजवळ बसून बोलायची. मी म्हणालो, "साहेब, मला माफी मागायची आहे."

"आँ?"

"माफी!"

"कॉफी? चहा हाय ना. चहा टाक वं."

"चहा नाही! माफी! मुहूर्ताच्या दिवशी!" मी ओरडत होतो. कुरडया घालणारे हात थांबले. समोरच्या ओट्यावरचे दोन म्हातारे आमच्याकडे वळले. "मी मुद्दाम केलं होतं! तुमची फजिती करायला! चारचौघांत!"

चारचौघांत तर आता मी होतो. साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्यासमोर बसून ओठ मोठे करत म्हणाल्या, "ते म्हन्तात, त्याइचं चुकलं. तुमाले हासवलं तवा." मग माझ्याकडे वळून, "असंच ना जी?"

"असंच."

मग साहेबांनी बोलायला सुरुवात केली, बहिरी माणसं बोलतात तशी, गल्लीला ऐकू जाईल अशी.

"तुह्या रागानं नाही बंद केलं मी. घरी हे नसली का लावो. लय डाव लावून पाह्यलं. पन बटन दाबलं का गान्याच्या आंधी तुमचं साऱ्याइचं हासनं आयकू ये. शेठचं, बायाइचं, तुह्यं. ते मातर साफ आयकू ये, वरचं खालचं सारं. मंग म्हनलं, राहू दे."

यावर काही म्हणायचं तर मला ओरडून म्हणावं लागलं असतं. काकूंना हे माहीत नसावं, त्या पदराने डोळे टिपत आत गेल्या.

चहा आला. चहा झाल्यावर साहेबांनीच विचारलं, "मंग? सापडला का कोनी?"

मी मान हलवली आणि ओरडलो, "एक बाई सापडली!"

शेजारच्या बाया एकदम हसल्या. एक म्हणाली, "व माय! घरच्या बायकोले माईत हाय का?" साहेबांना ते ऐकू गेलं नाही, पण हसणारी तोंडं दिसली आणि ते पण हसले. मग हाताने खूण केली, लाव.

"साहेब, तुम्हाला..."

"लाव तं खरं."

मी मोबाइल आमच्या दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला. गाणं सुरू झालं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मोबाइलकडेही पाहिलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, टक लावून. मला कुठे बघावं कळेना. बाईने दुसरी ओळ गायली, थांबली, गिटार निघाली, आणि साहेबांनी हात वर केला.

"थांब. इथं काय झालं?"

मी गाणं थांबवलं. "गिटार बोलली!"

"ते तुह्या तोंडावर दिसलं मले. काय बोलली?"

मी ते गाणं पन्नास वेळा तरी ऐकलं असेल. मी तो तुकडा मागे नेला, पुन्हा लावला, कान खाली नेऊन ऐकला. छान होता. फार छान होता. त्यापलीकडे मला सांगता येईना.

साहेब वाट बघत होते.

"सांग ना, बापा," ते म्हणाले. "तुले तं आयकू येते."